आई कधीच न चढलेला जिना

पाहुण्यांसाठी घर तयार करणं सोपं असतं, घरासाठी पाहुणे मिळवणं अवघड. काटेकाकांना हे शहाणपण निवृत्तीनंतर आलं, म्हणजे तसं उशिराच.

काटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभी हयात त्यांनी वजनमापांच्या खात्यात निरीक्षक म्हणून काढली. दुकानांत जायचं, तराजूचा काटा तपासायचा, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की भाजीवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांचे तराजू आपोआप सरळ होत. म्हणून लोकांनीच त्यांना काटेकाका करून टाकलं होतं. घरातही तोच खाक्या. काकूंनी 'दोन चमचे साखर घातली' म्हटलं, तर चमचा सपाट होता की शीग लावून, असं विचारणारा हा गृहस्थ! पण माणूस सरळ. कोणाच्या चहाचाही मिंधा नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी राहत्या घरावर एक मजला चढवला. दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर आणि एक ऐसपैस बाल्कनी. खालून बघाल तर समोर गोदामाची नुसती भिंत दिसायची. पण वर बाल्कनीत उभं राहिलं की त्या गोदामाच्या पत्र्यांपलीकडे सगळा तलाव पसरलेला. सुट्टीला दोन-चार दिवस येणाऱ्यांना हा मजला द्यायचा, असा बेत होता. लेकीने इंटरनेटवर आणि फोनमधल्या नकाशावर घराची नोंदणी करून दिली, तिच्या मैत्रिणीने फोटो असे काढले की तलाव जणू पलंगाखालीच सुरू होतो. उशांना नवे अभ्रे आले, भिंतीवर घड्याळ आलं, दारात पायपुसणं आलं. फक्त पाहुणे आले नाहीत.

तीन महिन्यांत चार कुटुंबं. बस्स! काका रोज सकाळी चष्मा पुसून फोनमधलं कॅलेंडर उघडत आणि त्यातले पांढरेफटक चौकोन बघून परत मिटत.

"कोणीच न झोपलेल्या गाद्यांच्या चादरी धुतेय मी दर सोमवारी," काकू म्हणायच्या. "धूळ तेवढी नेमाने राहायला येते."

काकांनी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, लोक हल्ली आधी अभिप्राय वाचतात. तुमच्या घराला एकच आहे, आणि तोही तीन तारे."

तो अभिप्राय काकांना पाठ होता. पहिल्याच पाहुण्याने लिहिला होता : 'घर स्वच्छ, मालक सज्जन. बाल्कनीतून तलाव बघून डोळे निवतात. मात्र जिना घराबाहेरून, खडा, एकोणीस पायऱ्यांचा. कठडा एकाच बाजूला. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. वयस्कर माणसांनी विचार करून यावं.'

"सुट्टीला आला होता की मोजमाप घ्यायला!" काका फणफणले होते. मग खात्यातली जुनी सवय म्हणून टेप घेऊन ते स्वतःच जिन्यावर गेले. पहिली पायरी सात इंच, चौथी आठ, सातवी साडेनऊ. तो माणूस सुताइतकाही चुकला नव्हता. खरं तर इथेच काकांनी त्याचे आभार मानायला हवे होते. पण माणसाचं असं असतं, खोटं बोलणाऱ्याचा राग येतो, आणि खरं बोलणाऱ्याचा त्याहून जास्त येतो.

"निदान दुसऱ्या बाजूला कठडा तरी लावून घ्या," काकू म्हणाल्या.

"पुढच्या हंगामात बघू. आधी माणसं तर येऊ देत!"

माणसं कशी येतील, याची युक्ती काढली ती साडूभाऊंनी. ते विमा एजंट. त्यांच्या पोतडीत प्रत्येक दुखण्यावर औषध. "तुम्ही उगाच डोकं धरून बसलाय," ते म्हणाले. "नकाशावर तुमच्या घराच्या नावाखाली कोणीही अभिप्राय लिहू शकतो. राहिला होता का, कोण विचारतंय? आपलं खानदान काय लहान आहे? येत्या रविवारी सगळ्यांना चहाला बोलवा. तासाभरात तुमचं घर कुठल्या कुठे जाईल."

"पण ते खोटं..."

"अहो, तुम्ही वजनं तपासायचात. मापात पाप नको, कबूल. पण हे शब्द आहेत. शब्दांना कुठे वजन असतं?"

काका हसले. एखाद्या दुकानदाराने त्यांना असं ऐकवलं असतं तर त्यांनी त्याला उभा सोलला असता. पण साडूभाऊ पडले घरचे, आणि गरज पडली स्वतःची.

रविवारी दुपारी खालच्या खोलीत सतरंजी अंथरली गेली आणि चहाबरोबर अभिप्रायांचा कारखाना सुरू झाला. ज्याचा जसा पिंड तसं त्याचं लिखाण. साडूभाऊंनी लिहिलं, 'आयुष्यभराची गुंतवणूक वाटावी असा मुक्काम!' शाळेत भाषा शिकवणाऱ्या मामेबहिणीने तलावावर सोळा ओळी लिहिल्या, त्यात घराचा उल्लेखच नव्हता. तिला परत लिहायला लावलं. काकांच्या धाकट्या मेहुण्याने 'गाद्या मऊ' एवढंच लिहून पाच तारे दिले आणि तो खरोखरच सतरंजीवर आडवा झाला. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. वर चढून घर बघून येण्याचे कष्ट मात्र एकानेही घेतले नाहीत.

काकांची थोरली वहिनी तेवढी कोपऱ्यात फोन हातात घेऊन बसली होती. "भावजी, मी काय लिहू? मला असलं सुचत नाही."

आणि इथे काटेकाकांचं डोकं चाललं. तो तीन ताऱ्यांवाला सल त्यांच्या मनात रुतून बसला होता. बाकीची स्तुती ठीक होती, पण जिन्याला उत्तर कोणीच दिलं नव्हतं. ते वहिनीजवळ सरकून बसले.

"लिही, 'माझ्या सासूबाई ऐंशीच्या. गुडघ्यांचं जुनं दुखणं. पण जिना इतका सोयीचा की आरामात चढल्या-उतरल्या.'"

वहिनीचा अंगठा थांबला. "अहो भावजी! सासूबाईंना जाऊन आठ वर्षं झाली!"

"नाव कुठे घालायचंय? नुसतं सासूबाई."

"बरं दिसत नाही हो."

"वाईट काय आहे त्यात? आईचा आशीर्वाद आहे असं समज."

वहिनीने लिहिलं. शेवटी तिने स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली, 'त्या म्हणाल्या, इथून हलूच नये असं वाटतं.' आणि मग कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने डोळे टिपले. कारण शेवटची तीन वर्षं त्या म्हाताऱ्या बाईला उंबराही ओलांडता येत नव्हता, आणि तिचे गुडघे रोज शेकले होते ते याच सुनेने.

जिना बांधला गेला तो गेल्या वर्षी. म्हणजे काकांनी आपल्या गेलेल्या आईला एकोणीस पायऱ्या चढायला लावलं, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. वाचकहो, खोट्याचं हेच तर आहे. ते ओठावर येतं तेव्हा बोचत नाही.

युक्ती मात्र लागू पडली. बावीस अभिप्रायांच्या ढिगाखाली तो एकटा खरा अभिप्राय कुठल्या कुठे गाडला गेला. महिन्याभरात कॅलेंडरचे चौकोन भरू लागले. नवी लग्न झालेली जोडपी आली, चित्रं काढणाऱ्या मैत्रिणी आल्या. तरणी माणसं, दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारी. काकूंच्या चादरी आता खरोखर मळू लागल्या. काका साडूभाऊंना फोन करून म्हणाले, "मानलं बुवा तुम्हाला!"

आणि मग एका दुपारी एका बाईंचा फोन आला.

"मी नर्स होते, आता निवृत्त झालेय," त्या म्हणाल्या. "आम्हाला दोन दिवस यायचंय, मी आणि माझे यजमान. ते तरुणपणी तुमच्या तलावावर प्रवाशांची लॉन्च चालवायचे. पूल झाला आणि लॉन्च बंद पडली, त्याला चाळीस वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांना झटका येऊन गेला, डावी बाजू अधू आहे. दुसरा कधी येईल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्यांना एकदा तो तलाव वरून, सगळाच्या सगळा बघायचाय. मी सगळी घरं शोधली. तुमच्याकडे यायचं मनात आलं ते त्या एका बाईंच्या अभिप्रायामुळे. त्या ऐंशीच्या आजी, गुडघे दुखणाऱ्या. त्या खरंच चढल्या ना हो?"

काकू दारात उभ्या होत्या. काकांची आणि त्यांची नजरानजर झाली.

नाही म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. 'बाई, जिना अवघड आहे, येऊ नका', एवढंच. काकांच्या जिभेवर ते आलंही होतं. पण मग विचारणारीने पुढचं विचारलं असतं, मग ते असं का लिहिलंय? आणि एक सत्य बाहेर काढलं की त्याच्या शेपटाला धरून बाकीची बाहेर येतात.

"हो हो," काका म्हणाले. "अगदी आरामात."

"आणि कठडा आहे ना?"

"आहे ना, आहे."

फोन ठेवल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "कठडा कुठल्या बाजूला, ते सांगायचं राहिलं तुमचं."

पंधरवड्याने ती दोघं आली. दुपारचे चार वाजले असतील. गाडीतून आधी नर्सबाई उतरल्या, मग त्यांनी नवऱ्याला हाताला धरून उतरवलं. लॉन्चवाले सत्तरीचे, उंचेपुरे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. जणू ते कामावर रुजू व्हायला आले होते. उतरल्या उतरल्या त्यांनी हवेचा वास घेतला. "पाणी इथंच आहे," ते म्हणाले. "गोदामाच्या मागं. वारा सांगतोय."

नर्सबाईंनी जिन्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, मग खालून वर. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"याच जिन्याने चढल्या त्या?"

"हो," काका म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"राहू दे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आपण दुसरीकडे बघू."

"दुसरीकडे कशाला? ऐंशीची बाई चढते आणि मी नाही चढणार? मी लॉन्चवर दोरीच्या शिडीने चढायचो!" आणि लॉन्चवाल्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

कठडा होता डावीकडे, आणि त्यांचा धड हात होता उजवा. पहिल्या तीन पायऱ्या त्यांनी हौसेने काढल्या, पुढच्या तीन जिद्दीने. बायको मागून कमरेला आधार देत होती, काका तिच्या मागे हात पसरून उभे. सातव्या पायरीला, त्या साडेनऊ इंचांच्या पायरीला, पाऊल वर उचललं गेलं पण टेकलंच नाही. अधू हात कठड्यावरून निसटला. ते भिंतीला रेलले आणि हळूहळू खाली सरकत त्या पायरीवर बसले. वर बारा पायऱ्या, खाली सहा. ना वर जाता येईना, ना वळून खाली.

पाऊण तास ते तिथेच बसून होते. गल्लीतली माणसं जमली. कोणी पाणी आणलं, कोणी नुसतंच बघितलं. शेवटी समोरचा सुतार आणि त्याचे दोन भाऊ लाकडी खुर्ची घेऊन आले. खुर्ची मागे टेकवताना लॉन्चवाल्यांनी बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. नर्सबाईंनी पटकन अंगावरची शाल काढून त्यांच्या मांडीवर पसरली. पण पायरीवरून ओघळ खाली आला होता, आणि तो सगळ्यांनी बघितला होता. लॉन्चवाले दोन्ही डोळे मिटून घेऊन बसले. त्यांना तसंच उचलून खाली आणलं.

काकूंनी आपली स्वतःची खालची खोली त्यांना दिली. गरम पाणी दिलं, काकांचे धुतलेले कपडे दिले. चहा झाला. काकांना गप्प बसवेना, म्हणून ते आपल्या नोकरीचं काहीबाही बोलत राहिले. कुठल्या दुकानात काट्याच्या पारड्याखाली कसं चुंबक सापडलं आणि आपण ते कसं पकडलं, असलं. लॉन्चवाले ऐकत होते, पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं.

"मालक," ते मध्येच म्हणाले, "त्या बाईंना कसं जमलं हो?"

काकांच्या हातातला कप थांबला.

"नाही, म्हणजे त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. गुडघे गेलेले. त्यांनी काय युक्ती केली असेल? त्यांचा फोन नंबर मिळेल का? मला वाटत होतं, मी अजून बराच बरा आहे. पण म्हणजे मी फारच खचलोय की. एवढा, ते मला कळलंच नव्हतं."

हे ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. घर खराब, जिना वाईट, मालक लबाड, असं काहीही म्हणाले असते तरी चाललं असतं! पण त्या माणसाने सगळा दोष उचलून स्वतःच्या माथी मारून घेतला होता.

काकू उठून तडक स्वयंपाकघरात गेल्या. नर्सबाई कपबशा घेऊन मागोमाग आल्या, आणि काकाही, कारण त्या खोलीत त्यांना बसवेना.

"बाई," काकू म्हणाल्या, "त्या सासूबाई म्हणजे माझ्याच सासूबाई. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. जिना गेल्या वर्षीचा आहे. माझ्या जावेला यांनी सांगितलं, तिने लिहिलं. मला ठाऊक होतं. मीही मूग गिळून बसले."

नर्सबाईंनी कपबशा ओट्यावर ठेवल्या. आता त्या ओरडतील म्हणून काकांनी मान खाली घातली. पण त्या ओरडल्या नाहीत.

"चुंबकाचं सांगत होतात मघाशी," त्या काकांना म्हणाल्या. "त्या दुकानदाराचं तुम्ही काय केलंत?"

"काटा जप्त केला. दंड केला."

"त्याने गिऱ्हाइकाला पावशेर माल कमी दिला असेल. घरी जाऊन दुसऱ्या तराजूवर घातला की गिऱ्हाइकाला कळतं तरी, की आपण फसलो. तुमच्या खोट्याने माझ्या माणसाला स्वतःचंच वजन कमी वाटायला लागलंय. ते त्यांनी कुठल्या तराजूवर तपासायचं?"

काकांनी ओट्यावरची एक बशी उगाच सरळ केली.

"बाहेरची माणसं अशी लबाडी करतात हे आपण धरूनच चालतो. पण लोक हे वाचतात ते आपल्यासारख्याच कोणीतरी अनुभव सांगितलाय म्हणून. वर्षभर मी या माणसाला एकेक पाऊल चालायला शिकवलंय. भिंत धरून, मग काठी धरून. 'जमेल तुम्हाला' असं रोज सांगत. आज सकाळी ते मला म्हणाले, त्या आजींना जमलं, मलाही जमेल."

"माझं चुकलं," काका पुटपुटले. "तुम्ही म्हणाल ते..."

"मला काही नको. एकच करा. आत जा आणि त्यांना खरं सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, बायको समजूत घालतेय. तुम्हीच सांगायला हवं."

काका गेले. खरंच गेले. पण लॉन्चवाले तेव्हा जरा सावरले होते. गोदामाच्या जागी पूर्वी धक्का कसा होता, लॉन्चच्या भोंग्यावर गावातल्या बाया चूल कशा पेटवायच्या, ते रंगात येऊन सांगू लागले. हसले देखील. काकांना वाटलं, आता कशाला मोडता घाला? आत्ताच तर माणूस हसतोय. सकाळी सांगू, शांतपणे. आपल्याला जे नको असतं ते आपण नेहमी दुसऱ्याच्या सोयीसाठीच पुढे ढकलतो, नाही का?

सकाळी गाडी ठरल्या वेळेआधीच दाराशी आली. सामान ठेवणं, औषधं तपासणं, यात नर्सबाई गुंतल्या होत्या, पण त्यांचे डोळे दोनदा काकांकडे वळले. काका गाडीच्या खिडकीशी वाकले.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले.

"मलाही!" लॉन्चवाले म्हणाले. "त्या बाई परत आल्या, तर त्यांना म्हणावं, एका जुन्या लॉन्चवाल्याने तुमच्या गुडघ्यांना सलाम केलाय. सांगाल ना?"

"सांगतो," काका म्हणाले.

आणि गाडी गेली! अभिप्रायातलं खोटं कोणा तिसऱ्याच्या नावावर तरी होतं. हे त्यांनी त्या माणसाच्या डोळ्यांत बघून, स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. वरच्या मजल्यावर पाहुणे येत-जात होते, कॅलेंडर गच्च भरलं होतं, आणि जिन्यावर पावलं वाजली की काका हातातला घास ठेवून पायऱ्या मोजत बसत. त्यांनी सुताराला बोलावून दुसऱ्या बाजूला कठडा बसवून घेतला. सातवी पायरी तासून घेतली. काकूंना मुद्दाम बोलावून दाखवलं.

"चांगला झालाय," काकू म्हणाल्या. "पण त्यांना सांगितलंत का?"

"जाणार आहे."

"कधी?"

या प्रश्नाला सतराव्या दिवशी उत्तर मिळालं. काका पहाटेच्या बसने निघाले. नोंदणीच्या वेळी घेतलेला पत्ता खिशात होता. सहा तासांचा प्रवास, आणि सबंध प्रवासात ते एकच वाक्य जुळवत होते. 'ती बाई खोटी होती, तुम्ही खचलेले नाही.' घर सापडलं. दार नर्सबाईंनीच उघडलं. त्यांनी काकांना ओळखलं. थकलेल्या दिसत होत्या.

"चार दिवस झाले," त्या म्हणाल्या. "दुसरा झटका आला."

लॉन्चवाले पलंगावर होते. डोळे उघडे, छताकडे लागलेले. काकांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांचा निर्जीव हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. साडूभाऊंची युक्ती, तो रविवार, वहिनी, आई. "ती चढलीच नव्हती हो! तिला दारापर्यंतसुद्धा येता येत नव्हतं. तुम्ही सहा पायऱ्या चढलात. सहा! तिला एकसुद्धा जमली नसती. मी खोटं बोललो. ऐकताय ना? मी खोटं बोललो!" साठीचा तो कडक माणूस मुलासारखा रडत होता.

लॉन्चवाल्यांचे डोळे छतावरच होते. पापणी लवत होती, श्वास चालू होता, बाकी काही नाही.

"शब्द पोचत नाहीत आता," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, पोचणारही नाहीत."

त्यांनी नवऱ्याचं पांघरूण सारखं केलं आणि त्या पुढे बोलल्या, "इथे जो जो भेटायला आला त्याला ते हेच सांगत होते. ऐंशीची बाई चढली आणि मी नाही चढू शकलो. झटका आला त्या सकाळीसुद्धा दूधवाल्याला सांगितलं. काठी धरून चालायचं सोडलं होतं त्यांनी. मी म्हणायची, चला, जमेल. तर म्हणायचे, नको, माझं मला कळलंय."

"तुम्ही का नाही सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं की! पाच वेळा सांगितलं. दर वेळी हसले आणि म्हणाले, तू नर्स आहेस, तुला समजूत घालायची सवय आहे."

काका निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "आलात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण मी तुम्हाला खोटं नाही सांगणार. हे तुमच्या मनासाठी झालं. त्यांच्यासाठी झालं नाही."

घरी पोचल्यावर काकांनी एकेका नातेवाइकाला फोन केला आणि अभिप्राय काढून टाकायला लावले. साडूभाऊ चिडले. "सगळं जग हेच करतंय! तुमच्या एकट्याच्या खरेपणाने काय होणार आहे?" काका म्हणाले, "सगळं जग करत होतं म्हणूनच मीही केलं. ते काढा." वहिनीला काही सांगावं लागलं नाही. तिने तिचा अभिप्राय आधीच काढला होता. बावीसचे बावीस गेले आणि तो तीन ताऱ्यांचा अभिप्राय पुन्हा सगळ्यांत वर आला. त्याखाली काकांनी लिहिलं, 'हे खरं आहे. कठडा आता दोन्ही बाजूंना आहे. तरी एकोणीस पायऱ्या आहेत, आणि माझी आई त्या कधीही चढलेली नाही.' लोकांना त्याचा अर्थ लागत नाही. बुकिंग निम्म्यावर आलंय. कोणाचाही फोन आला की काका आधी जिन्याचं सांगतात, मग तलावाचं. पुष्कळ जण जिन्याशीच फोन ठेवून देतात.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी असं कधीच केलं नाही, असं छातीवर हात ठेवून म्हणू शकेल? भाच्याचं दुकान, मैत्रिणीचं पार्लर, ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना, न खाल्लेलं जेवण, न राहिलेलं घर. 'आपलाच माणूस आहे, दोन ओळी लिहिल्या तर आपलं काय जातं?' म्हणत आपण पाच तारे देऊन मोकळे होतो. आपलं काहीच जात नाही, हे खरं. पण त्या दोन ओळी वाचून कुठेतरी कोणीतरी, आपला सगळा भरवसा गोळा करून, पहिल्या पायरीवर पाऊल ठेवत असतो. तो पडला तर आपल्याला कळणारही नाही. आणि सगळ्यात वाईट हे, की तो आपल्याला दोष देणार नाही. तो स्वतःलाच देईल.

म्हणून, जे पाहिलं नाही ते लिहू नका. आणि लिहिलं असेल, बोललं असेल, तर आजच जाऊन सांगा. सकाळी सांगू, असं म्हणू नका. खरं बोलण्याला उशीर झाला तरी ते खरंच राहतं. पण ज्याला ऐकायचं होतं तो माणूस तोवर ऐकण्याच्या पलीकडे गेलेला असतो.